सेन्सिंग की इन्ट्यूशन : मुलाखतीत नेमकं ओळखायचं कसं? (नागपूर अभ्यासगट)

धंतोली_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. नागपुरात मायर्स-ब्रिग्ज चाचणीतल्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांचा आमचा एक लहान अभ्यासगट आहे. या चाचणीत चार जोड्यांतून एकेक अक्षर निघतं आणि चार अक्षरांचा मिळून माणसाचा प्रकार होतो. नुसती प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा समोरासमोर बोलून प्रकार ठरवण्यावर आमचा भर असतो. चारपैकी तीन जोड्या बऱ्यापैकी सुटतात. अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई) हे बहुतेक जण स्वतःच सांगून टाकतात. थिंकिंग-फीलिंगसाठी (टी-एफ, म्हणजे तर्काने ठरवणं की भावनेने) एखादा अवघड निर्णय कसा घेतला ते विचारलं की दिशा कळते. जजिंग-परसीव्हिंगला (जे-पी, म्हणजे आधी ठरवून चालणं की ऐनवेळी बघणं) प्रवासाच्या तयारीवरचे दोन-तीन प्रश्न पुरतात. गाडी अडते ती एस-एनवर, म्हणजे सेन्सिंग (इंद्रियांना जाणवतं ते टिपणं) की इन्ट्यूशन (त्यामागचे अर्थ आणि शक्यता बघणं, अक्षर एन) यावर. "तुम्हाला तपशील आवडतात की कल्पना?" असं विचारलं की जो तो "दोन्ही" म्हणतो.

तर जाणकारांनी नेमकं सांगावं : विचारायचं काय, ऐकायचं काय, आणि फसगत कुठे होते. चाचणी शास्त्रीय आहे की नाही यावर वेगळा धागा आहेच. इथे पद्धतीबद्दलच बोलू या.

मृगबहार

"दोन्ही" हे उत्तर खरंच असतं. गोंधळ प्रश्नात आहे. आवडनिवड विचारली की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो, आणि आपल्याला मत नको, सवय हवी आहे. ज्याच्या मांडणीवर ही चाचणी उभी आहे त्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली हे प्रकार मांडले तेव्हा सेन्सिंग आणि इन्ट्यूशन ही जोडी त्याने ग्रहणाच्या बाजूला ठेवली आणि थिंकिंग-फीलिंग निर्णयाच्या बाजूला. म्हणजे एस-एन हा मत बनण्याच्या आधीचा टप्पा आहे. तिथे काय घडतं ते माणसाला स्वतःलाही नीट दिसत नाही. निर्णय आठवतो, पण लक्ष कुठून कुठे गेलं ते आठवत नाही. म्हणून बाकीच्या जोड्या विचारून कळतात आणि ही कळत नाही. हिच्यासाठी समोर काहीतरी ठेवायचं आणि लक्षाचा प्रवास बघायचा.

सगळ्यात उपयोगी पडतो तो वस्तूचा सराव. प्रत्येकाच्या हातात एक वस्तू द्या, कोरा कागद द्या आणि एवढंच म्हणा : "याबद्दल चार मिनिटं लिहा." शब्द बदलू नका. "वर्णन करा" म्हटलं की सगळे रंग, आकार, वजन लिहायला लागतात. "काय सुचतं ते लिहा" म्हटलं की सगळे कविता करायला लागतात. कोणी विचारलं "म्हणजे नेमकं काय लिहू?" तर "तुम्हाला वाटेल ते" एवढंच उत्तर. हा प्रश्न कोणी विचारला त्याची नोंद करा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. तो परीक्षेच्या सवयीतून येतो.

मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची. हाताळून, बघून, हुंगून, वाजवून पडताळता येईल ते वाक्य "आत". उपयोग, कारण, साम्य, पुढे काय होईल, हे सगळं "बाहेर". पहिलं वाक्य सोडून द्या. वस्तू डोळ्यांसमोर असल्यामुळे ते जवळजवळ सगळ्यांचं "आत"चंच असतं. नंतर मोजणीपेक्षा क्रम बघा. सेन्सिंगकडे झुकणारा माणूस बाहेर जातो, पण परत वस्तूकडे येतो. पुन्हा उलटून बघतो, नख मारून बघतो, आणि त्याची पुढची वाक्यं जास्त बारीक होत जातात. इन्ट्यूशनकडे झुकणारा एकदा बाहेर गेला की वस्तू निमित्तापुरती उरते. शेवटची तीन वाक्यं वाचून वस्तू कोणती होती ते ओळखता येतं का, हा साधा निकष मला फार भरवशाचा वाटतो.

इथे थांबू नका. त्याच वस्तूवर आणखी दोनदा तीन-तीन मिनिटं द्या. एकदा "फक्त जे दिसतं, लागतं, ऐकू येतं तेवढंच" आणि एकदा "यावरून पुढे काय काय होऊ शकेल तेवढंच". दोन्ही सगळ्यांना जमतं. पाहायचं ते पेन कुठे अडतं, उत्तरं कुठे पुन्हा पुन्हा तीच यायला लागतात, आणि वेळ संपल्यावर कुठे "अजून लिहू का?" असं विचारलं जातं. कौशल्य आणि कल यांतला फरक इथे दिसतो.

वस्तू निवडताना मात्र सांभाळा. नागपुरात संत्रं ठेवायचा मोह होतो, ते नको. ज्याचा बागेशी किंवा कळमन्याच्या बाजाराशी संबंध आहे तो सालीची सैलता, देठाजवळची फुगीर मान, बहार आंबिया की मृग, इतकं बारीक लिहील की तुम्ही डोळे झाकून एस द्याल. तो अनुभव आहे, कल नाही. त्याच माणसाला अनोळखी वस्तू दिली तर चित्र पार बदलू शकतं.

सदर_सायकल

रस्ता विचारायचा. बर्डीहून अंबाझरीला कसं जायचं? एसवाला झाशी राणी चौक, शंकरनगर, एलएडी चौक असं एकेक सांगत नेईल. एनवाला "सरळ पश्चिमेला, मेट्रोच्या खालून" म्हणून मोकळा होईल. दोन मिनिटांचं काम आहे न जी.

मृगबहार

@सदर_सायकल, ही कसोटी पुष्कळांच्या आवडीची आहे, पण माझ्या मते सोडून द्यावी. रस्ता सांगण्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात : त्या भागाची ओळख, दिशा समजण्याची क्षमता, आणि ऐकणाऱ्याबद्दलचा अंदाज. नवख्या माणसाला कोणीही चौक मोजूनच सांगेल. शिवाय आता निम्मी उत्तरं फोनवरच्या नकाशाच्या भाषेत येतात. यातून एस-एन वेगळं काढणं शक्य नाही.

अंकमोजणी

पद्धतीच्या आधी एस-एनमध्ये नेमकं काय काय येतं ते समोर ठेवतो, म्हणजे प्रश्न एकाच कोपऱ्यात अडकणार नाहीत. मायर्स-ब्रिग्जच्या विस्तारित चाचणीत, म्हणजे १४४ प्रश्नांच्या फॉर्म क्यूमध्ये, या जोडीचे पाच पैलू केले आहेत : मूर्त की अमूर्त, वास्तववादी की कल्पक, व्यवहारोपयोगी की संकल्पनात्मक, अनुभवाधारित की सिद्धान्ताधारित, आणि परंपरेला धरून की नवं शोधणारा. हे पाचही एकाच बाजूला पडतील असं नाही. एखाद्याचे चार पैलू सेन्सिंगकडे आणि पाचवा ठामपणे नवं शोधण्याकडे, असं सर्रास होतं. असा माणूस कारखान्यात जुनं यंत्र उघडून हाताने जुगाड करतो. तुमचा प्रश्न योगायोगाने पाचव्या पैलूवरचा असला तर तुम्ही एन लिहिणार, पहिल्यावरचा असला तर एस. दोन मुलाखतकारांचे निकाल जुळत नाहीत त्यामागे बरेचदा हेच असतं. दोघांनी वेगवेगळे पैलू विचारलेले असतात.

दुसरी गोष्ट कलाच्या ठळकपणाची. ९३ प्रश्नांच्या फॉर्म एममध्ये प्रत्येक जोडीला १ ते ३० असा स्पष्टतेचा अंक मिळतो. १ ते ५ म्हणजे किंचित, ६ ते १५ मध्यम, १६ ते २५ स्पष्ट, २६ ते ३० अतिस्पष्ट. हा अंक कल किती निःशंकपणे नोंदवला गेला ते सांगतो. त्या वृत्तीत माणूस किती तरबेज आहे ते सांगत नाही. "माझं एन २८ आहे, म्हणजे माझी अंतर्दृष्टी जबरदस्त" हा अर्थ चूक. आणि गुणांची विभागणी दोन वेगळ्या टेकड्यांसारखी नसते, बरीच माणसं मधल्या भागात असतात. मध्यावर एक रेघ मारून दोन नावं दिलेली आहेत. रेघेजवळचा माणूस पुन्हा चाचणी दिली की पलीकडे जातो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजरने १९९३ साली आढावा घेताना नोंदवलं होतं की पाच आठवड्यांच्या अंतरानेसुद्धा निम्म्यापर्यंत लोकांचा चारपैकी एखादं अक्षर बदलून वेगळा प्रकार येऊ शकतो.

१९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी पंचघटक प्रारूपाशी (व्यक्तिमत्त्वाचे पाच गुण मोजणाऱ्या दुसऱ्या मांडणीशी) तुलना केली तेव्हा एस-एनचा त्यातल्या 'अनुभवांप्रति खुलेपणा' या गुणाशी सहसंबंध ०.७ च्या आसपास आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). हा आकडा लक्षात ठेवा. कारण तुम्ही कला, कल्पनारम्यता, नव्या विचारांची ओढ याबद्दल जे विचारता ते बरंचसं खुलेपण मोजतं. त्यात गैर काही नाही, फक्त आपण काहीतरी गूढ शक्ती मोजतो आहोत असा समज नको.

खसताटी

मृगबहारजींच्या खुणांमध्ये मला एक भर घालायची आहे. "बाहेर"चे दोन भाग करा. वस्तूवरून *आठवण* निघाली तर तिला वेगळी खूण हवी, "मागे" अशी. नाहीतर अंतर्मुख सेन्सिंगवाले सगळे एनमध्ये जमा होतील. आंतरजालावर जे स्वतःला आयएनएफजे म्हणवतात त्यांतल्या पुष्कळांचं वर्णन वाचलं की आयएसएफजे दिसतं, आणि त्यामागे ही एक खूण चुकलेली असते.

युंगच्या मांडणीत सेन्सिंग दोन दिशांचं आहे, इन्ट्यूशनही दोन दिशांचं. म्हणून दोनऐवजी चार तऱ्हा कानात बसवा. मारबत आणि बडग्याचं उदाहरण घेते (पीडा बाहेर न्यायला नागपुरात मिरवतात ते पुतळे), म्हणजे इथल्या सगळ्यांना लगेच कळेल. तान्हा पोळ्याच्या दिवशीच्या मिरवणुकीबद्दल बोला म्हटलं, समजा. बहिर्मुख सेन्सिंगवाला मिरवणुकीतच असतो : ढोल, गुलाल, घाम, बडग्याचा चेहरा कसा रंगवला होता, गर्दी कुठे दाबून धरत होती. क्रियापदं वर्तमानकाळात घसरतात, हात हलतात. अंतर्मुख सेन्सिंगवाला तुलना करतो : काळ्या मारबतीची उंची मागच्या वेळेपेक्षा कमी वाटली, पूर्वी या गल्लीत अमुक ठिकाणी थांबायचे, घोषणा आधी अशी होती. त्याच्याकडे जुन्या नोंदींचा साठा असतो आणि नवं काही आलं की ते साठ्याशी ताडून बघितलं जातं. बहिर्मुख इन्ट्यूशनवाला पाच मिनिटांत होळी, रावणदहन, सोशल मीडियावरचे मीम, आणि यंदा कोणत्या प्रश्नावर बडगा निघायला हवा इथवर पोचतो. फांद्या फुटत जातात, एकही पूर्ण होत नाही. अंतर्मुख इन्ट्यूशनवाला बराच वेळ काही बोलत नाही आणि मग एकच वाक्य सांगतो, की सगळ्या शहराला वर्षातून एकदा आपली पीडा कुणाच्या तरी अंगावर घालून वेशीबाहेर न्यायची असते. पुढचं सगळं बोलणं त्या वाक्याभोवती फिरतं.

अंतर्मुख सेन्सिंग आणि अंतर्मुख इन्ट्यूशन बाहेरून सारखी दिसतात. दोन्ही शांत, दोन्ही "मला आतून जाणवतं" म्हणणारी, दोघांनाही अचानक बदल नकोसा. वेगळं करणारा प्रश्न असा : "हे तुम्हाला कशावरून वाटलं?" एवढं विचारून गप्प बसा. पहिला माणूस ठोस प्रसंग काढतो, एकामागून एक, तारीखवार. दुसऱ्याला प्रसंग सांगता येत नाहीत. तो तेच वाक्य वेगळ्या प्रतिमेत पुन्हा सांगतो. दोन-तीनदा विचारल्यावरही असंच झालं तरच एनचा विचार करा.

दुसरी फसवी जोडी बहिर्मुखांची, ईएसएफपी आणि ईएनएफपी. दोघंही उत्साही, दोघंही विषय बदलणारे. विषय कशामुळे बदलला ते बघा. खिडकीबाहेर काही दिसलं, चहा आला, कुणी आत आलं म्हणून बदलला, की आधीच्याच वाक्यातल्या एखाद्या शब्दावरून उडी मारली? पहिलं सेन्सिंग, दुसरं इन्ट्यूशन. यासाठी मुलाखत बंद शांत खोलीत घेऊ नका. थोडी वर्दळ असलेली जागा बरी, नाहीतर पहिल्या माणसाला विषय बदलायला कारणच मिळत नाही.

अंकमोजणी

खसताटीताई, ऐकण्याची भाषा म्हणून हे चार प्रकार उपयोगी आहेत, मान्य. पण गटाला एक सांगून ठेवा. अमुक प्रकारात अमुक वृत्ती पहिली, अमुक दुसरी, अशी जी उतरंड शिकवली जाते तिला संशोधनाचा आधार कच्चा आहे. जेम्स रेनिर्स यांनी २००९ मध्ये याच विषयाच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर टीका केली आहे. धोका प्रत्यक्षात असा होतो : मुलाखतकार आधी "ही आयएनएफजे असावी" असं ठरवतो, मग उतरंडीप्रमाणे चौथ्या क्रमांकाचं सेन्सिंग शोधतो, आणि तिला स्वयंपाकात मीठ विसरण्याची सवय आहे हे ऐकून खूश होतो. कुठलीही गोष्ट कुठल्या तरी क्रमांकात बसते. म्हणून नोंदीत उतरंड लिहू नका. ऐकलेलं वाक्य लिहा.

खसताटी

याला माझी हरकत नाही. वाक्य जसंच्या तसं लिहायचं, "कल्पक वाटली" असं नाही. पण दिशा बघणं सोडू नका. ती सोडली की सगळ्या स्मरणशील माणसांना एस आणि सगळ्या बोलघेवड्यांना एन मिळतो.

पांढराबोडी

चॅटवरून ओळखता येईल का? लांबलचक पोस्टी लिहिणारे एन असतात असं वाचलं होतं.

खसताटी

नाही. लेखनात माणूस निवडून, पुसून, पुन्हा लिहून सांगतो, आणि आपल्याला नेमका त्या आधीचा क्षण हवा असतो. लांबीचा तर काहीच संबंध नाही.

धंतोली_वाचनकट्टा

खूपच उपयोगी चर्चा चालून राहिली आहे, सगळ्यांचे आभार. आणखी एक अडचण. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलांनी आधीच बरंच वाचलेलं असतं आणि त्यांना एनच हवं असतं. एन म्हणजे हुशार, एस म्हणजे साधा, असं डोक्यात पक्कं. वस्तूच्या सरावातही मग ती मुद्दाम "बाहेर"चं लिहितात. यावर काय करावं?

समुपदेशक_रामदासपेठ

या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहिते, कारण करिअर मार्गदर्शनात याचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आधी प्रश्नांच्या जोड्या तपासा. "तुम्ही नवनवीन शक्यता बघता की ठरलेल्या पद्धतीने चालता?" हा प्रश्नच एका बाजूला मान आणि दुसऱ्या बाजूला कमीपणा देतो. कोण म्हणेल ठरलेल्या पद्धतीने चालतो? दोन्ही बाजूंना सारखा मान असलेल्या जोड्या करा. "लोक तुमच्याकडे कशासाठी येतात : नेमकं काय झालं होतं ते अचूक सांगता म्हणून, की पुढे काय होईल ते आधी ओळखता म्हणून?" "नवीन यंत्र हातात आलं की आधी चालवून बघता, की ते कशावर चालत असेल याचा अंदाज बांधता?" "व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर काय उरतं : वक्त्याने दिलेली दोन-तीन उदाहरणं, की एक सूत्र?" शेवटच्या प्रश्नानंतर लगेच म्हणा, "सांगा मग." उदाहरण आठवतं म्हणणाऱ्याने उदाहरण सांगितलं पाहिजे आणि सूत्र आठवतं म्हणणाऱ्याने सूत्र. इथे ठरवून दिलेलं उत्तर पटकन उघडं पडतं.

कमीपणाही शब्दांनी घालवता येतो. सेन्सिंग म्हणजे रटाळ तपशील नव्हे. शल्यचिकित्सकाचा हात, तबलजीचं बोट, कोष्ट्याची मागावरची नजर, रुग्णाचा रंग बदलला हे सगळ्यांच्या आधी टिपणारी परिचारिका, हे सगळं तिथून येतं. हे मुलाखतीच्या *आधी* सांगा, आणि तेवढंच वजन देऊन इन्ट्यूशनबद्दलही सांगा. प्रकारांची छापील वर्णनं मात्र आधी वाचायला देऊ नका. १९४८ मध्ये बर्ट्राम फोररने ३९ विद्यार्थ्यांना एकच मोघम वर्णन "हे तुमचं" म्हणून दिलं आणि त्यांनी ते पाचपैकी सरासरी ४.२६ इतकं अचूक ठरवलं. वर्णन आधी वाचलेला माणूस मुलाखतीत ते वर्णनच परत ऐकवतो.

आता कशाला काय समजलं जातं ते. काळजीला एन समजतात. परीक्षेत नापास झालो तर, नोकरी नाही मिळाली तर, असा सतत पुढचा विचार करणारा मुलगा शक्यता बघत नसतो, एकाच भीतीकडे बघत असतो. फरक असा की त्याला "आणखी काय होऊ शकेल?" विचारलं की दुसरी शक्यता निघत नाही. वर्गात लक्ष नसण्यालाही एन समजतात. झोप कमी, फोन जास्त, विषयात रस नाही, काहीही कारण असू शकतं. नीटनेटकेपणाला एस समजतात, तो बहुतेक वेळा जजिंगचा भाग असतो. आवरलेली वही आणि वेळापत्रक एनजेकडेही सापडतं. खेळात चपळ म्हणून एस, वाचन खूप म्हणून एन, हेही सोडा. वाचनाबद्दल विचारायचंच तर *काय* वाचता ऐवजी वाचताना काय लक्षात राहतं ते विचारा. कादंबरीतला वाडा कसा होता, जेवणात काय होतं हे सांगणारा आणि ती कादंबरी कशाबद्दल होती हे सांगणारा, दोघांच्या कपाटात तीच पुस्तकं असतात.

शाळेची छाप वेगळी काढावी लागते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत मुद्दे, व्याख्या, आकृती, नावं यांना गुण मिळतात. दहा-बारा वर्षं ते केल्यावर कोणतंही मूल मुद्देसूद तपशील देतं. अभियांत्रिकीच्या क्लासला गेलेलं मूल सूत्राच्या भाषेत बोलतं. म्हणून अभ्यासाबद्दल विचारू नका. गुण मिळत नाहीत, कोणी बघत नाही, अशा वेळात लक्ष कुठे जातं ते विचारा. पतंग, गाडी, रांगोळी, क्रिकेट, केसांची स्टाईल, काहीही चालेल. रांगोळी काढणाऱ्या मुलीला "पुढची कशी काढशील?" विचारून बघा. ठिपक्यांची संख्या, रंगाची पोत, मागच्या वेळी कोपरा कुठे फिसकटला होता हे बोलते, की एखादी संकल्पना सांगते आणि ठिपके नंतर बघू म्हणते?

आणि एस आला म्हणून वाणिज्य, एन आला म्हणून संशोधन, असं कधीही सांगू नका. ही चाचणी कर्मचारी निवडीसाठी वापरू नये असं ती प्रकाशित करणारेच सांगतात. मग ती शाखा निवडीसाठी वापरायलाही आधार नाही. फार तर अभ्यास *कसा* करायचा त्याला ती मदत करते : उदाहरणाकडून नियमाकडे, की नियमाकडून उदाहरणाकडे.

सदर_सायकल

स्वयंपाकाचा प्रश्न चालेल का? नवीन पदार्थ कृती बघून करताना माप पाळता की अंदाजाने?

समुपदेशक_रामदासपेठ

सदरभाऊ, माप पाळणं यात जजिंगही येतं आणि नवखेपणाही. वेगळा विचारा : "सावजी रश्शात काहीतरी कमी आहे असं वाटलं, तर तुम्ही काय करता?" पुन्हा चाखून खसखस कमी, तेल सुटलं नाही, मसाला कच्चा राहिला असं चवीवरून शोधणारा एक. न चाखताच "खोबरं जास्त भाजलं गेलं असणार" असं कारणावर उडी मारणारा दुसरा. पण रोज रस्सा करणारी व्यक्ती सवयीनेही अशी उडी मारते. तेव्हा रोजच्या हाताच्या पदार्थावर नको.

धंतोली_वाचनकट्टा

मग पूर्ण मुलाखतीचा आराखडा कोणी देईल का? वेळ साधारण किती धरावा?

मृगबहार

पाऊण तास धरा. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही वृत्तींची सारख्या मानाची ओळख, समुपदेशकताईंनी सांगितली तशी. मग वस्तूचा सराव : चार मिनिटं मोकळं, तीन आणि तीन मिनिटं दिलेल्या दिशेने, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. ही विश्रांती गाळू नका, नाहीतर आधीच्या सूचनेची छाप पुढच्या लिखाणात उतरते. दोन दिशांचा क्रमही आलटून पालटून ठेवा. निम्म्या लोकांना आधी "दिसतं तेवढंच", निम्म्यांना आधी "पुढे काय". सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं तर दुसऱ्या वेळचा थकवा कलासारखा दिसतो.

त्यानंतर पंधरा-अठरा मिनिटं बोलणं. पाच पैलूंवर प्रत्येकी एक प्रश्न आणि त्यावर एकच पाठपुरावा : "कशावरून?" किंवा "सांगा मग." बोलताना मान डोलवू नका, विशेषतः रंजक उत्तराला. आपल्याला कल्पनेच्या भराऱ्या ऐकायला आवडतात आणि समोरच्याला ते लगेच कळतं. मग तो भराऱ्या वाढवतो. नोंदीत उत्तराचे शब्द जसेच्या तसे, आणि बाजूला आत, बाहेर, मागे यांपैकी खूण. उरलेल्या वेळात त्याला स्वतःच्याच कागदावरच्या खुणा दाखवा आणि त्याला काय वाटतं ते विचारा. अंतिम अक्षर त्याचं. मायर्स-ब्रिग्जच्या रीतसर पद्धतीतही चाचणीचा निकाल हा तर्क मानतात आणि जुळणारा प्रकार व्यक्तीने स्वतः ठरवायचा असतो.

जे मुद्दाम एन लिहितात त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज पडत नाही. ठरवून "बाहेर" लिहिणारा पहिल्या चार मिनिटांत दमतो, आणि "दिसतं तेवढंच"च्या तीन मिनिटांत त्याचं पेन सुसाट चालतं.

अंकमोजणी

दोन मुलाखतकारांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात, निकाल लिहून होईपर्यंत आपसात बोलू नये. मग सहमती मोजा, पण नुसती टक्केवारी बघून समाधान मानू नका. समजा दोघंही शंभरातल्या सत्तर जणांना एस देतात. तर डोळे मिटून दिले तरी ०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३, म्हणजे ५८ टक्के वेळा निकाल जुळेल. तुमची सहमती ६० टक्के आली तर पद्धतीने जवळपास काहीच केलेलं नाही. ८० टक्के आली तर योगायोगाच्या वरची कमाई २२, शक्य असलेली ४२, म्हणजे कॅपा (योगायोग वजा करून मोजलेली सहमती) सुमारे ०.५२. मध्यम. त्याहून खाली असाल तर व्यक्तींवर चर्चा करू नका, आधी खुणांच्या व्याख्यांवर करा. कोणत्या वाक्याला एकाने "मागे" आणि दुसऱ्याने "बाहेर" दिलं ते काढा.

सत्तर हा आकडा मी हिशोबासाठी घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नमुन्यात सेन्सिंग सुमारे ७३ टक्के आढळलं होतं, पण तो नमुना तिथला आहे. "बहुतेक लोक एसच असतात" म्हणून शंकेच्या वेळी एस लिहून टाकणं नको.

पांढराबोडी

मग शंकेच्या वेळी काय लिहायचं? बरोबरी झाली तर चाचणीत कुठे टाकतात?

अंकमोजणी

चाचणीत बरोबरीचं माप एनकडे जातं. भोवतालच्या जगाचा रेटा सेन्सिंगच्या बाजूने असतो, तरीही बरोबरी झाली म्हणजे मूळ कल दुसरीकडे असावा, असा त्यामागचा विचार. मुलाखतीत तो नियम आणू नका. तिथे एक्स लिहा. "आयएक्सटीजे" हे पूर्ण उत्तर आहे. आणि एक्सच्या खाली पाच पैलू वेगवेगळे लिहा, कारण एक्स दोन प्रकारे येतो : पाचही पैलू मधोमध, किंवा तीन इकडे आणि दोन तिकडे ठळकपणे. हे दोन वेगळे लोक आहेत. दुसऱ्याला "तुम्ही मधले" म्हटलं तर त्याला ते पटणारच नाही, आणि त्याचं बरोबर असेल. पुन्हा बघायचं असेल तर पाच-सहा आठवड्यांनी, नवी वस्तू घेऊन.

धंतोली_वाचनकट्टा

पुढच्या बैठकीत हे करून बघतो. वस्तू म्हणून जुनं पितळी कुलूप, शिवणयंत्राची बॉबिन-केस आणि शंख असे तीन पर्याय मनात आहेत.

समुपदेशक_रामदासपेठ

बॉबिन-केस नको. शिवणकाम करणाऱ्या बायका गटात असणारच, मग संत्र्याचीच गोष्ट झाली.

खसताटी

शंखही नको. देवघर, आरती, समुद्र, कुरुक्षेत्र, हे सगळ्यांच्याच कागदावर येईल. ज्या वस्तूला आधीच अर्थ चिकटलेले आहेत ती प्रत्येकाला "बाहेर" ढकलते. कुलपाचंही तेच, किल्ली आणि रहस्य ठरलेलं.

मृगबहार

दगड घ्या. आपल्याकडे काळा पाषाण हवा तेवढा मिळतो. त्यातले पांढऱ्या शिरा किंवा पांढरे ठिपके असलेले तुकडे निवडा, मुठीत मावतील एवढे, धुऊन वाळवून. गोटा नको, फुटलेली बाजू असलेला हवा, म्हणजे हाताला एक कड धारदार आणि एक बाजू खरखरीत लागते; सेन्सिंगला वाव राहतो. पिंडीसारखा गुळगुळीत लांबट अजिबात नको. प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा द्या. एकच दगड फिरवला तर शेवटच्याच्या हातात येईपर्यंत त्याने बाकीच्यांचे चेहरे वाचलेले असतात. गटात भूगर्भशास्त्राचं कोणी असेल तर त्यांना खुणा करायला बसवा.